कबाब, मूळ राहणार कासू

ज्या पदार्थाचं मूळ गाव ठाऊक नाही, तो पदार्थ पोटात गेला तरी अंगी लागत नाही. हे सत्य मानवजातीला हजारो वर्षं माहीत नव्हतं आणि त्यामुळे लोक हजारो वर्षं नुसतेच जेवत होते. पोट भरायचं, ढेकर यायची, माणूस कामाला लागायचा. या बेजबाबदार कालखंडाचा शेवट पेण मुक्कामी एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास झाला. (सुमार म्हणायचं कारण, फीत कापायची कात्री सापडत नव्हती.)

त्या दिवशी पोह्यांच्या एका दुकानाच्या माडीवर 'खाद्यमूळ पडताळणी कक्ष, पेण व रोहे' हे कार्यालय सुरू झालं. माणसाला जन्माचा दाखला लागतो, रहिवासाचा लागतो, म्हातारपणी हयात असल्याचाही लागतो. आणि कबाबानं मात्र कुठूनही यावं नि कुणाच्याही पोटात शिरावं, हे कुठल्याही सुधारलेल्या समाजाला शोभणारं नव्हतं. म्हणून कक्षानं पहिलंच परिपत्रक काढलं. प्रत्येक विक्रेत्यानं आपल्या पदार्थाच्या मूळ गावाचा दाखला गाडीवर दर्शनी भागात लावावा. साठ दिवसांत न लावल्यास गाडी उचलण्यात येईल. उचललेली गाडी ठेवायची कुठे, हे परिपत्रकात नव्हतं. पण सगळंच परिपत्रकात लिहून दिलं तर माणसानं स्वतःची अक्कल वापरायची कधी?

कक्षात साहेब एक, कारकून एक, पंखा एक आणि खुर्च्या नऊ. कारकून म्हणजे रघू म्हात्रे. रघू स्वभावानं चांगला, म्हणजे कारकुनाला झेपेल त्यापेक्षा जरा जास्तच चांगला. कागदावर त्याचा लहानपणापासून विश्वास. एखादी गोष्ट खरी आहे म्हणून लिहितात असं इतरांना वाटतं, लिहिली आहे म्हणून ती खरी असणार असं रघूला वाटायचं. अशा माणसाची या कक्षात नेमणूक व्हावी, हे कक्षाचं भाग्य.

गेली अकरा वर्षं, आधीच्या ऑफिसात होता तेव्हापासून, रघू दुपारी दीड वाजता रामवाडीला हायवेच्या कडेला इंदुबाईच्या गाडीवर जायचा आणि दोन सळया कबाब खायचा. त्याच्या अख्ख्या दिवसात जावक क्रमांक नसलेली तेवढी एकच गोष्ट होती.

इंदुबाईचा कबाब जवळ्याचा. खाडीतला बारीक ताजा जवळा, त्यात लसूण, हिरवी मिरची, चिंचेचा कोळ, बांधायला तांदळाचं पीठ. ओल्या हातानं हे सगळं सळईवर दाबायचं आणि करवंट्यांच्या निखाऱ्यावर फिरवत ठेवायचं. वरून खरपूस, आतून लुसलुशीत. ती स्वतः त्याला सळईचा जवळा म्हणायची. पण एकदा एका पंजाबी ट्रकवाल्यानं खाऊन 'माताजी, कबाब बहुत बढ़िया' असं म्हणत आणखी चार सळया मागितल्या, तेव्हा तिनं पाटीवर कबाब लिहून घेतलं. गिऱ्हाईक खूश होतंय तर आपण कशाला मोडता घाला, एवढाच तिचा हिशेब. नवरा गेल्यापासून त्या एका गाडीवर तिचं घर उभं होतं.

साहजिकच तिचा अर्ज रघूनंच भरायला घेतला. आपल्या हातानं भरला की काम फत्ते, असं त्याला वाटलं होतं.

"मूळ गाव?"

"कोनाचं? माझं?"

"तुमचं नाय काकी, कबाबाचं."

इंदुबाईनं सळई फिरवली. "आयेचा हाय त्यो. आये मिठागरावर कामाला जायची. तिथं भांडी कुठली? सळईला जवळा लावायची नि भाजायची. आमी पोरं तिथंच बांधावर बसून खायचो."

"मग गाव काय लिहू?"

"आये लिव."

रघूनं व्यवस्थित अक्षरात 'आई' असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. 'आई हे महसुली गाव नाही' असा लाल शाईतला शेरा त्यावर होता, आणि शेरा बिनचूक होता.

शेरा होता धनेश साहेबांचा. साहेब गळ्यात माळ घातलेले. कबाब त्यांनी जन्मात चाखला नव्हता, पाहिलाही नव्हता, आणि रामवाडीवरून जाताना ते नाकाला रुमाल लावत. त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका घ्यायला जागाच नव्हती. साहेब म्हणाले, "रघू, असा एकेक अर्ज घेऊन चालणार नाही. आधी जगाच्या कबाबाचं मूळ ठरवा. ते ठरलं की रामवाडीचं आपोआप ठरेल." रघूला हे पटलं. त्याला बहुतेक गोष्टी पटत.

पंधरा दिवस खपून रघूनं दोनशे चौदा पानांचा अहवाल तयार केला. त्यातला महत्त्वाचा भाग असा. तुर्कस्तानात सैनिकांनी तलवारीवर मांस भाजलं आणि कबाब जन्मला, असं सांगतात. तलवार हजर केलेली नाही. इराणात कबाब भाताच्या ढिगावर ठेवून वर लोणी सोडतात. भाताचा संबंध येत असल्यानं हा दावा पेणनं सहानुभूतीनं विचारात घेण्याजोगा आहे. लखनौला कुण्या नवाबाचे दात पडले म्हणून तोंडात विरघळणारा कबाब निघाला म्हणतात. दंतवैद्याचा दाखला जोडलेला नाही. हैदराबादेत तापलेल्या दगडावर भाजतात. दगडाचा सातबारा मागवला आहे. जपानी लोक कोंबडी काडीला लावतात, इंडोनेशियातले शेंगदाण्याच्या चटणीत बुडवतात, ग्रीसचे वर लिंबू पिळतात, आणि आमचा हा कबाब नव्हेच, हे काही वेगळंच आहे, असं तिघंही शपथेवर सांगतात. यावरून हे सगळे एकमेकांचे नातेवाईकच असावेत असा निष्कर्ष रघूनं काढला, कारण इतकी ओळख नाकारणं फक्त भावकीत चालतं. पाहणी केलेल्या सत्तेचाळीस देशांपैकी सेहेचाळीस देशांत कबाब विस्तवावर भाजतात. (सत्तेचाळिसाव्या देशाचं पान झेरॉक्समध्ये अर्धंच आलं होतं.)

एकाही देशाकडे कागद नव्हता. साहेबांनी शेरा मारला: 'कबाबाचे मूळ गाव हे पद जागतिक स्तरावर रिक्त आहे.' हरकत असल्यास पंधरा दिवसांत पेण येथे समक्ष हजर राहावे, अशी पत्रं तुर्कस्तान आणि इराणला साध्या टपालानं गेली. कुणी आलं नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल असा एकतर्फी लागावा याचं रघूला थोडं वाईट वाटलं, पण मुदत म्हणजे मुदत.

पद रिक्त आहे म्हटल्यावर ते पेणनं भरायचं की रोह्यानं, एवढंच उरलं. आधी दोन्ही गावांनी 'आमचा नाय' म्हणून हात झटकले. मग उगमस्थानाला हायवेवर सिमेंटची कमान मिळणार असल्याची बातमी फुटली, आणि आमच्या आज्यापणज्यांनी कबाबाशिवाय दुसरं काही खाल्लंच नाही असं सांगणारे दोन्हीकडून एकशे नव्वद वृद्ध पुढे आले.

सुनावणी जानेवारीत झाली. रोह्याच्या बाजूनं तिथल्या पोपटी मंडळाचा निलेश उभा राहिला. थंडीचे दिवस, वालाच्या शेंगा भरलेल्या. त्यानं कक्षाच्या मागच्या पटांगणातच पोपटी लावली: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला, शेंगा, अंडी आणि मसाला चोळलेली कोंबडी भरली, तोंड पाल्यानं बुजवून मडकं पालथं घातलं नि भोवती पेंढा पेटवला. मडक्यावर पाण्याचे थेंब मारले, ते चर्र करून उडाले, तेव्हा तो म्हणाला, "विस्तव हाय, कोंबडी हाय, पाण्याचा थेंब नाय. मग कबाब म्हंजे दुसरं काय असतं? मडकं हीच आमची सळई." पेणकरांनी उत्तर दिलं की पोपटी पेणमध्येही लावतात आणि रोह्यापेक्षा चांगली लावतात. इथे सुनावणी दोन तास थांबली, कारण मडकं उघडलं होतं.

दुपारनंतर शेवटची साक्ष पारीआजीची झाली. नदीकाठच्या वाडीवर राहणारी ही बाई, वय तिला स्वतःला माहीत नाही. तिला आणलं होतं रोह्यानं, आपलं म्हणणं पक्कं करायला.

"आजी, मांसमच्छी काडीला टोचून भाजायची पद्धत तुमच्यात हाय का?" रघूनं विचारलं.

"हाय का म्हंजे? नदीवर मासा गावला का काडीला टोचायचा नि भाजायचा. माझी आजी बी तसाच भाजायची."

"त्याला नाव काय?"

पारीआजीनं त्याच्याकडे बघितलं. "नाव कशापायी? तो खाऊन संपतो."

साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं: 'साक्षीदाराकडे पदार्थ आहे, नाव नाही. सबब दावा विचारात घेता येत नाही.' रघूनं लिहिलं. लिहिताना त्याचं पेन जरा अडखळलं. का ते त्याला कळलं नाही, म्हणून त्यानं रिफिल बदलली.

निकाल अत्यंत न्याय्य लागला. पेणही नाही, रोहेही नाही. दोघांच्या बरोबर मध्ये जे गाव येईल ते. पेणच्या टेपनं मोजल्यामुळे मध्य कासू स्टेशनच्या आसपास आला. कासूत कबाबाची एकही गाडी नव्हती, त्यामुळे तिथे कबाबाचा मूळ ठेवा अस्पर्शित राहिला असणार, असं साहेबांनी निकालात नमूद केलं. कासूच्या लोकांनी हरकत घेतली नाही, कारण त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

आता दाखला द्यायचा तर कशाशी ताडून द्यायचा? प्रमाण नमुना हवा. रघूनं एक खरा कबाब बंद फायलीत ठेवून पाहिला. तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या आणि फाइल पहिल्यांदाच हलली. तेव्हा टिकाऊ नमुना हमरापूरहून करून घ्यायचं ठरलं. तोही शाडूच्या मातीचा, म्हणजे पर्यावरणाला धोका नको. (हा कबाब पाण्यात पूर्ण विरघळतो.)

काम गेलं दिपिकाकडे. हमरापूरला तिच्या घरचा गणपतीचा कारखाना. मातीकाम कुणीही करो, रंग कुणीही देवो, शेवटी डोळ्यांची आखणी वीस वर्षं दिपिकाच करते, आणि आखणी झाल्याशिवाय वस्तू कारखान्याच्या दारातून बाहेर काढत नाहीत. रघू नमुना आणायला गेला तेव्हा ती ब्रश धूत होती. कबाब सुरेख झाला होता. खरपूस तपकिरी रंग, वर मुकुटाला लावतात ते वॉर्निश, आणि एका टोकाला दोन शांत, लांबट, पापण्यांसकट डोळे.

"दिपिका गो, ह्याला डोळे कशाला काढलेस?"

"बिनडोळ्याचं दारातून कसं काढू?"

"अगो, कबाब हाय तो."

"असंल. पन दार तर आमचं हाय ना?"

 संध्याकाळपर्यंत नमुना सीलबंद व्हायचा होता, म्हणून रघू तो तसाच घेऊन आला. साहेबांनी कबाब कधी पाहिलेला नव्हता. डोळे बघून ते दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "म्हणूनच मी खात नाही." मग त्यांनी सही केली आणि प्रमाण कायम झालं. लांबी चौदा सेंटिमीटर. चकाकी उत्तम. काठिण्य: टेबलावर आपटल्यास आवाज यावा. डोळे: दोन.

मुदत संपायला आठ दिवस उरले असताना रघू तपासणीला इंदुबाईच्या गाडीवर गेला. वेळ दीडची होती, त्यामुळे तिनं सवयीनं दोन सळयांची ताटली पुढे केली. रघूनं पट्टी लावली. कबाब टेबलावर आपटला. आवाज आला नाही, पण त्याच्या शर्टावर जवळा उडाला. त्यानं लिहिलं: 'मऊ आहे. चकाकी नाही. आवाज येत नाही. डोळे नाहीत.' लिहून झाल्यावर तो दोन्ही सळया खाऊन गेला. नेहमीसारख्याच फक्कड झाल्या होत्या. ज्या हातानं खाल्लं त्याच हातानं आपण नापास केलं, याची त्याला लाज वाटली आणि ऑफिसात येईपर्यंत ती गेली नाही.

तो साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, ते डोळे चुकून आलेत. इंदुबाईची गाडी जाईल. बाईनं करायचं काय?"

"रघू," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "चुकून आले होते. आता सही झाली."

दुसऱ्या दिवशी रघूनं इंदुबाईला सगळं खरं सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, निखाऱ्याकडे बघत होता. तिनं ऐकून घेतलं, हात पुसले.

"डोळं पायजेत ना त्यांना?"

"व्हय काकी."

"मग डोळं दावू. त्यात रडण्यासारखं काय हाय?"

ती हमरापूरला गेली आणि दिपिकाकडून दोन डझन शाडूचे कबाब घेऊन आली. गाडीवर काचेची पेटी बसवली, त्यात ते ओळीनं मांडले. चोवीस कबाब, अठ्ठेचाळीस डोळे, सगळे हायवेकडे बघतायत. फेरतपासणीत तिला शंभरपैकी शंभर मिळाले. असे गुण जिल्ह्यात कुणालाच पडले नव्हते. दाखला लागला: 'कबाब, मूळ राहणार कासू.' पेटीच्या बाजूला निखाऱ्यावर सळईचा जवळा पूर्वीसारखाच भाजत राहिला. खायचं ते खायचं, दाखवायचं ते दाखवायचं. रघू त्या रात्री घरी दोन भाकऱ्या जास्त जेवला. कागदही राहिला आणि कबाबही राहिला, याहून सुंदर राज्यकारभार त्याला ठाऊक नव्हता.

हे असं छान चाललं असतं. पण मग रविवार आला आणि अलिबागला निघालेली एक पांढरी गाडी रामवाडीला थांबली. आत एक गृहस्थ, त्यांची बायको आणि मुलगी. गृहस्थांनी आधी दाखल्याचा फोटो काढला, मग दाखल्यासोबत स्वतःचा काढला. रघू तेव्हा बाकावर बसून खात होता, म्हणून पुढचं त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

इंदुबाईनं गरम सळई पुढे केली. गृहस्थ म्हणाले, "हे साधं नको. काचेतलं द्या, दाखल्यातलं."

"ते खायचं नाय, दादा. ते दावायचं हाय."

"आम्ही बाहेरचे म्हणून आम्हाला दुय्यम माल होय?"

"अवो, माती हाय ती."

"मातीतलाच तर पाहिजे," गृहस्थ बायकोकडे वळून म्हणाले. "बघ, ही खरी माणसं. कशी साधी बोलतात."

इंदुबाईनं रघूकडे पाहिलं. रघूनं दाखल्याकडे पाहिलं. दाखल्यात कबाब म्हणून पेटीतलाच कबाब होता, तेव्हा नियमानं गिऱ्हाईक बरोबर होतं. तिनं पेटी उघडून एक काढून दिला. गृहस्थांनी डोळ्यांच्या बाजूनं घास घेतला. कर्रकन आवाज झाला. मग ते बराच वेळ चावत होते. बायको बघत होती, मुलगी बघत होती, पेटीतले तेवीस बघत होते. थुंकणं शक्य नव्हतं.

"अस्सल," ते म्हणाले.

"बाबा, ह्याला डोळे का असतात?" मुलीनं विचारलं.

"इथली फार जुनी परंपरा आहे, बेटा," गृहस्थ म्हणाले, आणि मग कासूच्या परिसरातल्या त्या परंपरेविषयी त्यांनी सहा मिनिटं माहिती दिली. रघूनं ती टिपून घेतली. अहवालात ती नव्हती.

गृहस्थांनी गाडीत बसल्या बसल्या पाच तारे दिले आणि लिहिलं: 'जन्मभर नक्कल खाल्ली, आज मूळ चव कळली. जरा चिवट, पण खरं ते असंच असतं. शेजारी मिळणारा मऊ प्रकार घेऊ नये.' पुढच्या रविवारी त्रेपन्न गाड्या आल्या. सगळ्यांनी काचेतलाच मागितला; पेटी दोनदा हमरापूरहून भरून आणावी लागली. एकानंही थुंकला नाही, कारण आधीच्या बावन्नांनी थुंकला नव्हता.

जनमताचा कौल इतका स्पष्ट मिळाल्यावर साहेबांना वेगळा विचार करायला वावच उरला नाही. आदेश निघाला: सळईचा जवळा ही प्रमाणित कबाबाची नक्कल आहे, सबब तो दाखल्याच्या गाडीवर भाजू नये. आदेश रघूनंच टाइप केला. तीनदा चुकला. इंदुबाईनं तो वाचून घेतला आणि करवंट्यांच्या निखाऱ्यावर स्वतःच्या हातानं पाणी ओतलं. "आये गेली तवा बी मी एवढी रडले नवते," ती म्हणाली, आणि पेटीतल्या डोळ्यांवरची धूळ पुसायला लागली. आता गाडी झकास चालते. दिपिकाकडे आखणीला आणखी तीन बायका लागल्या आहेत. तक्रार म्हणून एक नाही. फक्त दुपारी दीड वाजता रघू जागेवरच डबा उघडतो आणि कोबीची भाजी खातो.

त्या आदेशाला जोडपत्र एकच आहे, तो पाच ताऱ्यांचा अभिप्राय. रघूनं तो छापून घेतला, नावाखाली रेघ मारली आणि टाचणी लावली. नाव इथे देत नाही, वाचताय त्यांना ते ठाऊक आहे; पांढरी गाडी अजून तुमच्याकडेच आहे ना? रघूचा निरोप एवढाच आहे, की त्या घासानंतर दातांचं काही दाखवलं असेल, तर दंतवैद्याचा दाखला पेणला पाठवून द्या. लखनौच्या नवाबापासून फायलीत तेवढा एकच कागद कमी पडतोय.